सहा मशिनांचं गाऱ्हाणं

अस्नोडा सुटलं की बसच्या खिडकीतून काजूचा वास येतो. मोहराचा नव्हे, पिकायला लागलेल्या बोंडांचा. गोड, थोडा आंबूस, घशाशी रेंगाळणारा. या वासाने बसमधल्या चौघांना हुर्राकाची, काजूच्या पहिल्या धारेच्या दारूची, आठवण होते आणि ते एकमेकांकडे बघून हसतात. माझ्या मात्र डोळ्यांसमोर संगणकाचा काळा पडदा येतो आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांतली एकच ओळ. साधन व्यस्त आहे. बस कोलवाळच्या पुलावर चढते, खाली नदी पसरलेली असते, वारा लागतो आणि मग मला आठवतं, अरे, ते सगळं केव्हाच सुटलं. तरी दर फाल्गुनात माझ्यासाठी ते नव्याने सुटावं लागतं.

गोव्याचं राज्य होऊन दहाएक वर्षं झाली होती. भाषेचं भांडण रस्त्यावरून उठून स्टाफरूममध्ये येऊन बसलं होतं, म्हाताऱ्या माणसासारखं, फारसं न बोलता. दोन टेबलं होती. कोंकणीवाल्यांचं जनेलाजवळ, म्हणजे खिडकीजवळ, मराठीवाल्यांचं कपाटाजवळ. चहा एकाच किटलीतून यायचा. मी संगणक शिकवायचो, त्यामुळे मला दोन्ही टेबलांवर कदेल, म्हणजे खुर्ची, मिळे, आणि एका टेबलावर बसलो की दुसऱ्याकडे पाठ केल्याबद्दल उगीच अपराधी वाटे. माझा स्वभावच तसा. वर्गात कोणाची पेन्सिल हरवली तरी आधी मी माझा खिसा चाचपणार.

शाळा तुयेच्या पुढे, पेडणे तालुक्यातल्या एका गावात होती. सकाळी तुयेच्या कारखान्यांचा भोंगा वाऱ्यावर असला तर आमच्या प्रार्थनेत मिसळायचा. मी डिचोलीहून यायचो, दोन बस बदलून. निघताना शर्टाच्या कॉलरवर खाणीची तांबडी धूळ असे, पोचेपर्यंत ती घामाने आत मुरलेली असे. मुलं मला पाठीमागे ‘तांबडे सर’ म्हणत. मला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

अकरावीला संगणक हा विषय त्या वर्षी नव्याने आला होता, तोही तात्पुरता. शिगम्यानंतर, होळीचे दिवस सरले की, परीक्षा मंडळाची माणसं येऊन प्रयोगशाळा बघणार होती. सहा मशिनं एकमेकांना जोडलेली हवीत, एकावरचं काम दुसऱ्यावरून उघडता आलं पाहिजे. ते दिसलं तर बारावीला विषय चालू. नाही तर ज्यांना तो हवा त्यांनी म्हापशाला जावं.

म्हापसा काही परदेश नव्हे. पण आमच्या वर्गात बहुतेक मुली होत्या, आणि पुढच्या बाकावर सुनंदा होती. तिचे वडील सावंतवाडीकडचे, डिचोलीत खनिजाचा ट्रक चालवायचे. बायको आणि मुलगी इथे बायकोच्या माहेरगावात, आणि हा माणूस आठवड्याला एकदा घरी. एका सकाळी डिचोलीच्या रस्त्यावर माझ्याशेजारी ट्रक कचकन थांबला. खिडकीतून एक चेहरा बाहेर आला, पापण्यांपर्यंत तांबडा. मागच्या ट्रकांनी हॉर्नचा गोंगाट सुरू केला, पण तो घाईत नव्हता.

“सर, मी सुनंदाचो बापूस. तुमचा ता मशिनांचा हयसर असा तवसर ती शिकात. म्हापशाक मात्र धाडूचंय नाय. आताच सांगून ठेवतंय, मागसून बोल नको.”

ट्रक गेला. विषय इथे चालू राहिला तरच सुनंदा पुढे शिकणार होती. त्याने उडवलेल्या धुळीत मी उभा. तो रागावला नव्हता. त्याने मला फक्त माझ्या हातातल्या गोष्टीचं वजन सांगितलं होतं.

आणि ती गोष्ट माझ्या हातात मीच आणली होती. मशिनं आली तेव्हा विंडोजवर नीट चालत होती, एकमेकांशी बोलतही होती. मला विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सचं वेड लागलं होतं. एका मासिकाबरोबर त्याची तबकडी आली होती. मुलांना मशिनच्या आत काय चालतं ते दिसलं पाहिजे, असं मी मुख्याध्यापिका शशिकलाबाईंना मोठ्या तळमळीने सांगितलं. बाईंना त्यातलं काही कळलं नाही, पण तळमळ कळली. “तुम्ही म्हणता ना, मग करा,” म्हणाल्या. दिवाळीच्या सुट्टीत मी सहाही मशिनं पुसून लिनक्स चढवलं. अक्षरं उमटली, प्रोग्राम चालले, सुरू होताना स्पीकरमधून घंटेसारखा नाद यायचा, मुली खूश. फक्त नेटवर्क कार्ड जागं होईना. कार्ड म्हणजे तळहाताएवढी हिरवी पट्टी, मशिनच्या पोटात खोचलेली. तिच्यातून काळी केबल निघून जनेलाखालून पुढच्या मशिनला जायची. सहाही मशिनं एका माळेत. माळेच्या दोन्ही टोकांना पितळी टोप्या. दिसायला सगळं जोडलेलं, आणि प्रत्येक मशिन एकटं.

दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं, काजूला मोहर आला. मी रोज शाळा सुटल्यावर बसायचो. आज्ञा द्यायची, ओळ यायची. साधन व्यस्त आहे. अरे, कशात व्यस्त? कोणाशीच तर बोलत नाहीस तू. मी केबल बदलली, टोप्या बदलल्या, कार्डं एका मशिनमधून काढून दुसऱ्यात खोचली. बहुतेक वेळ मात्र मी माझंच लिहिलेलं तपासत असे. कुठे माझा आकडा चुकला, कुठे माझी ओळ गळली, कुठे मी पुस्तक नीट वाचलं नाही. चूक माझीच असणार याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. म्हणून मी इतर कुठे बघितलंच नाही.

घरी बाबा विचारायचे. त्यांनीही उमेदीची सगळी वर्षं खनिजाचा ट्रक चालवला होता. निवृत्त होऊनही खोकल्यात तो ट्रक होताच. मी ताटावर घास चिवडत बसलो की म्हणायचे, “ट्रक बंद पडल्यार आमी धक्को मारताले. तुज्या मशिनाक धक्को मारपाक जागो ना?” आई हसायची. मला हसू यायचं नाही. ज्या माणसाने मला शिकवायला इतकी धूळ गिळली, त्याच्या मुलाला एक हिरवी पट्टी हलवता येत नाही, असं काहीतरी मनात चाले. त्यांच्या मनात तसं काही नव्हतं. ते आमटीत पाव बुडवत असायचे.

शाळेत विष्णूदादा होता. शिपाई, पण त्याच गावच्या वरच्या वाड्यातला, वरच्या वस्तीतला, वडीलधारा. शाळेत चाव्यांचा जुडगा आणि गावात मान, दोन्ही त्याच्याकडे. मी बसलेला असेपर्यंत त्याला कुलूप लावता येत नसे. कधी कुरकुरला नाही. दाराशी स्टूल घेऊन बसायचा, विड्या वळल्यासारखा चाव्या फिरवायचा. एक दिवस म्हणाला, “सर, एक नारळ ठेवा. मी सांगतंय द्येवाक.” मी म्हटलं, दादा, ही देवाची गोष्ट नव्हे. त्यावर तो म्हणाला, “मगे कोणाची ती तरी तुमका खंय कळली हा?” आणि शांतपणे चाव्या फिरवत राहिला.

त्या वर्षी गावात शिगमो पुन्हा होणार होता. मधली काही वर्षं झाला नव्हता. का, ते मला शशिकलाबाईंनी मधल्या सुट्टीत सांगितलं. होळीचं खोड उभं करण्याआधी मांडावर, गावाच्या सणाच्या पटांगणात, गाऱ्हाणं घालतात: गावच्या वतीने एकजण देवाला मोठ्याने सगळं सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. ते गाऱ्हाणं घालायचा मान आपला, असं वरचा वाडा म्हणे. खालचा वाडा म्हणे, आपला. कोणी माघार घेईना. मग एका वर्षी दोन्ही वाड्यांचे वडील मांडावर समोरासमोर उभे राहिले आणि दोघांनी एकदमच गाऱ्हाणं सुरू केलं.

“तुम्ही असायला हवं होतं,” बाई म्हणाल्या. “दोघांचेही आवाज खणखणीत. अर्धा गाव याला व्हय म्हणतोय, अर्धा त्याला. कोण काय मागतोय, कोणाला काय हवंय, काही कळेना. देवाने ऐकायचं तरी कोणाचं? शेवटी दोघंही गप्प झाले, आणि शिगमोच बंद पडला.”

मी हसलो, आणि तास होता म्हणून उठलो. तेव्हा मला काहीच सुचलं नाही. आता वाटतं, उत्तर माझ्यासमोर चहाच्या कपाशेजारी ठेवलेलं होतं आणि मी खडू शोधत निघून गेलो.

होळीच्या दिवशी विष्णूदादाने मला संध्याकाळी थांबायचा आग्रह केला. तडजोड झाली होती. गाऱ्हाणं वरच्या वाड्याने घालायचं, होळी खालच्या वाड्याने उभी करायची. दोघांनाही मान, पण वेगवेगळ्या जागी. ऊन उतरलं होतं. मांडावर सारवण ओलं होतं, त्यावर आंब्याचं लांब खोड पानांसकट आडवं पडलेलं. खालच्या वाड्याची माणसं दोर धरून सज्ज होती. मागे कुठेतरी काजूची बोंडं तुडवलेल्या कोळंब्याचा, दगडी कुंडाचा, वास. शाळेत चाव्या फिरवणारा विष्णूदादा धोतर नेसून पुढे आला आणि मला तो ओळखूच येईना.

त्याने सुरुवात केली. वेशीवरच्यापासून डोंगरावरच्यापर्यंत, तळ्याकाठचा, वडाखालचा, एकेका राखणदाराला त्याच्या ठिकाणासकट हाक. कोणी सुटला नाही, कोणाच्या जागेवर दुसरा बसला नाही. प्रत्येक हाकेनंतर तो थांबायचा. गाव उत्तर द्यायचं. मगच पुढची हाक.

“ज्याचो मान त्याका मेळांदे, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“एकाच्या जाग्यार दुसरो बसान नये, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

आणि मग माझ्याकडे न बघता, त्याच आवाजात, “आमच्या साळेत सा मशिनां असत, म्हाराजा. ती एकामेकाक वळखनत नाय. त्यांचां काय आडला असात ता सोडव, म्हाराजा.”

हशा पिकला. पण उत्तर आलं, आधीपेक्षा मोठं. खालच्या वाड्यातलेही ओरडले. मुलींच्या घोळक्यात सुनंदा तोंडावर ओढणी धरून हसत होती, आणि तिचे वडील, आज आंघोळ केलेले, पहिल्यांदाच त्यांचा खरा रंग मला दिसत होता, हात जोडून गंभीरपणे म्हणाले, व्हय म्हाराजा. माझे कान तापले. सगळ्या गावासमोर माझी नामुष्की देवाच्या कानावर घातली गेली होती. मी खाली मान घातली, आणि मान खाली असतानाच ते आत शिरलं.

एकाच्या जागेवर दुसरा.

मशिनच्या पोटात प्रत्येक कार्डाला एक आकडा असतो. काम निघालं की कार्ड त्या आकड्यावरून मशिनच्या मेंदूला हाक मारतं. दोन कार्डांना एकच आकडा असेल तर मेंदूला कळत नाही कोणाचं ऐकायचं. हे मला ठाऊक होतं. मी ते फळ्यावर शिकवलं होतं. पण मी फक्त नेटवर्क कार्डाकडे बघत होतो, आणि माझ्या स्वतःकडे. शेजारी बसलेलं आवाजाचं कार्ड, ज्यातून रोज तो गोड नाद यायचा, ते मी कधी तपासलंच नाही. जे नीट चाललंय त्याच्यावर संशय कोण घेतो? व्यस्त होता तो आकडा. दुसऱ्याने आधीच धरून ठेवलेला. विंडोजमध्ये ही वाटणी मशिन आपलं आपण, गुपचूप करून टाकत असे. लिनक्समध्ये ती कोणीतरी करून द्यायला हवी होती.

होळी उभी राहिली. दोर ताणले गेले, खोड हललं, थरथरलं, आणि पानांसकट आभाळात गेलं. सगळे वर बघत होते. मी विष्णूदादाच्या कमरेच्या चाव्यांकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी मी पहिल्या बसने आलो. विष्णूदादा कपाळावर गुलाल, आवाज बसलेला, कुलूप उघडून नेहमीच्या स्टुलावर बसला. ड्रॉवरमध्ये कार्डांबरोबर आलेली फ्लॉपी पडून होती. जुन्या संगणक-प्रणालीची म्हणून मी तिला कधी हात लावला नव्हता. नवं शिकणाऱ्याचा ताठा. ती घातली, कार्डाने आपला आकडा दाखवला. पाच. आवाजाच्या कार्डाचा आकडा बघितला. पाच. मी मोठ्याने हसलो असेन, कारण विष्णूदादा उठून जवळ आला.

नेटवर्क कार्डाला मी दहा दिला. रिकामा होता, कोणाचा नव्हता. मग लिनक्स सुरू करून त्यालाही तेच सांगितलं: हा दहावर बसलाय. शेजारच्या मशिनचंही तसंच केलं. मशिनांना नावं मुलींनी दिली होती: काजू, माड, पणस, आंबो, भिरंड, जांभूळ. काजूवर बसून मी माडाला हाक मारणारी आज्ञा दिली. या आज्ञेत इतकंच असतं: आहेस का? आणि समोरच्याने म्हणायचं: आहे.

क्षणभर काही नाही. मग एक ओळ उमटली. मग दुसरी. मग एकामागोमाग, संथ, न चुकता, माडाकडून उत्तरं येऊ लागली.

“ह्यां काय?” विष्णूदादाने विचारलं.

मी म्हटलं, दादा, हे मशिन त्या मशिनला हाक मारतंय, आणि ते ओ देतंय.

तो वाकून बघत राहिला. मग पुढची ओळ उमटली तशी बसक्या आवाजात, अगदी हळू, म्हणाला, “व्हय म्हाराजा.” पुढची ओळ. “व्हय म्हाराजा.” चेष्टा नव्हती त्यात. कोणीतरी हाक मारतोय आणि कोणीतरी उत्तर देतोय, तिथे गप्प बसणं त्याला बरं दिसत नव्हतं. मी चष्मा काढून पुसला. बाहेर रोमटाचा, शिगम्याच्या मिरवणुकीचा, ढोल गावातून फिरत होता, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला भूक लागली.

मंडळाची माणसं आली. त्यातल्या एका गृहस्थांनी सुनंदाला काजूवर बसवलं आणि जांभूळवरचा तिचा प्रोग्राम इथून उघडायला सांगितलं. तिने उघडला. ते म्हणाले, केबल जोडली की हे होतंच ना? ती म्हणाली, नाही सर, आमचं होत नव्हतं. आणि का होत नव्हतं ते तिने सांगितलं, आवाजाचं कार्ड, पाच, दहा, सगळं. गृहस्थांनी विचारलं, मग चूक कोणत्या कार्डाची? मी दाराशी उभा होतो. ती म्हणाली, “कोणाचीच नाही, सर. दोन्ही चांगली होती. जागा एकच होती.”

ते गृहस्थ हसले आणि पुढे गेले. त्यांना ते एक बरं उत्तर वाटलं असेल. माझ्यासाठी ते दुसरंच काहीतरी होतं. मी आयुष्यभर प्रत्येक अडलेल्या गोष्टीजवळ उभा राहून विचारत आलो होतो, चूक कोणाची, आणि कोणी हात वर केला नाही की स्वतःचा करत आलो होतो. जिथे कोणाचीच चूक नसते अशीही एक अडचण असू शकते, हे मला माझ्या विद्यार्थिनीने माझ्याच प्रयोगशाळेत सांगितलं. मी तिला शाबासकी द्यायला विसरलो. त्याचंही नंतर बरेच दिवस वाईट वाटलं. स्वभाव एका उत्तराने जात नाही.

विषय चालू राहिला. आठवड्याने डिचोलीच्या रस्त्यावर एक ट्रक माझ्या बाजूने गेला. थांबला नाही, वेगही कमी केला नाही. फक्त हॉर्न दोनदा वाजला, छोटा, घरच्यासारखा. मी धुळीतून हात वर केला. घरी बाबांना सांगितलं तर म्हणाले, “म्हणजे धक्को बसलो.” मी म्हटलं, बसला.

पुढे माझी बदली झाली, फोंड्याकडे, मग परत डिचोलीला. खाणी थांबल्या, रस्त्यावरची धूळ बसली, बाबाही गेले. कार्डं नावालाही उरली नाहीत. आता खिशातला फोन बसल्या जागी आपोआप जोडला जातो, कोणाला आकडा द्यावा लागत नाही. सुनंदा पुण्याला असते, तिथे ती काय करते हे तिने मला दोनदा समजावलं, आणि मला दोन्ही वेळा अर्धंच कळलं. त्याचं मात्र मला मुळीच वाईट वाटत नाही.

यंदा पुष्कळ वर्षांनी मी त्या गावच्या शिगम्याला गेलो. पुन्हा त्याच वाटेची बस, तोच वास. विष्णूदादा थकलाय, मांडाच्या कडेला खुर्चीत बसला होता, त्याने मला ओळखलं आणि नुसता हात दाबला. गाऱ्हाणं आता त्याचा पुतण्या घालतो, तुयेला कारखान्यात पाळीवर काम करणारा, जीन्सवरच उपरणं घेतलेला. वेशीवरचा, डोंगरावरचा, तळ्याकाठचा, वडाखालचा. तळं बुजलंय, वड रस्त्यात गेला. तरी कोणाला वगळलं नाही. गाऱ्हाण्यात एकदा नाव आलं की ते काढायचा अधिकार कोणालाच नसतो.

मी ऐकत होतो. आणि मग, माझी काही तयारी नसताना, तो खणखणीत म्हणाला, “आमच्या साळेत सा मशिनां असत, म्हाराजा. त्यांका एकामेकाची वळख ऱ्हवांदे, म्हाराजा.”

कोणी हसलं नाही. शाळेत सहा मशिनं नाहीत. ती कधीच भंगारात गेली. ती काय होती, त्यांचं काय अडलं होतं, हे त्या पुतण्याला ठाऊक नसावं. त्याला फक्त काकाने शिकवलेलं पाठ होतं. पण माझी ती गावभर झालेली नामुष्की आता नामुष्की राहिली नव्हती. तळ्याच्या आणि वडाच्या रांगेत तिला आपली एक जागा मिळाली होती.

समोर खालच्या वाड्याची माणसं दोर धरून उभी होती. खुर्चीतला विष्णूदादा माझ्याकडे बघत होता. मी मान वर केली, आणि सगळ्यांबरोबर, नीट ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणालो, व्हय म्हाराजा.